डायरीच्या पाठीवर फोन

मागच्या महिन्यात या पानावर एक आठवडा मी दिसले नाही. कारण तसं घरगुतीच. आमच्या ह्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन अचानक करावं लागलं. आता हे ठणठणीत आहेत, भाकरी-पिठल्यावर ताव मारण्याइतके. पण त्या रात्री मला जो धडा मिळाला, तो तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रात्रीचे अकरा वाजले होते. ह्यांना आत नेलेलं. मी दवाखान्याच्या खिडकीशी उभी. पलीकडून शांतपणे विचारणा झाली, "विम्याचा पॉलिसी नंबर?" मी म्हटलं, "ह्यांच्या फोनमध्ये आहे." "मग बघून सांगा ना." फोन माझ्या पर्समध्येच होता हो, पण त्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली म्हणजे ह्यांचा अंगठा! अनामत रक्कम भरावी म्हटलं, तर बँकही त्याच फोनात. विमा कंपनीचे नावदेखील मला नीट सांगता येईना. बी.ए. झालेली, शाळेत पोरींना नागरिकशास्त्र शिकवणारी मी, खिडकीशी 'ढ' मुलीसारखी उभी! शेवटी थोरल्या दिरांनी धावत येऊन पैसे भरले. आणि पहाटे एका भल्या सिस्टरने ग्लानीतल्या ह्यांचा अंगठा फोनला लावून आणला. हे म्हणे त्याही अवस्थेत "बिल भरलं का?" असं पुटपुटले.

हे घरी आल्यावर माझी मामी साताऱ्याहून मदतीला आली. तिला ही हकिगत सांगितली, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, हे माझं २००१ सालीच होऊन गेलंय. अमेरिकेत! पुढच्या वेळी आलीस की तुझ्या मामाचं यंत्र दाखवते."

आम्ही साताऱ्याला गेलो तेव्हा तिने खरंच माळ्यावरून बुटांचा एक खोका काढला. आत जुन्या फडक्यात गुंडाळलेलं, पोस्टकार्डापेक्षा थोडं लहान असं निळं यंत्र होतं. पुढे करडा पडदा, खाली चार बटणं, आणि पाठीवर, आईच्या पाठीला पोर चिकटावं तसं, दुसरं एक यंत्र बसवलेलं. मामा कौतुकाने म्हणाला, "हा आमचा व्हायझर. आणि त्याच्या पाठीवरचा हा व्हायझरफोन. आज तुम्ही पोरी जो स्मार्टफोन मिरवता ना, त्याच्या पणज्यांपैकी एक समज!"

या पणजीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत १९९०च्या दशकात कामावर जाणाऱ्या माणसाला दोन गोष्टी जवळ बाळगाव्या लागत. एक डायरी आणि दुसरा फोन. डायरीचे यंत्र करावे, असा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला. पण ती यंत्रं एक तर विटेएवढी मोठी, नाही तर वापरायला किचकट. जेफ हॉकिन्स नावाच्या अभियंत्याने मात्र उलट्या बाजूने विचार केला. यंत्र बनवण्याआधी त्याने लाकडाचा एक छोटा ठोकळा कापून घेतला आणि तो सदऱ्याच्या खिशात घालून फिरू लागला. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढायचा आणि त्यावर लिहिल्याचं सोंग करायचं! हे खिशात सलतं का, हातात बसतं का, ते त्याला बघायचं होतं. आपण नाही का, नवी कढई घेताना दुकानातच कानाला धरून दोनदा उचलून बघत? तसंच ते.

त्यातून १९९६ साली पाम पायलट हे यंत्र बाजारात आलं. कामं चारच: तारखा, पत्ते व फोन नंबर, करायच्या कामांची यादी आणि टिपणं. त्यावर काडीसारख्या पेनने लिहायचे. पण आपल्या अक्षरात नाही. यंत्राला कळावीत अशी ग्राफिटी नावाची खास मुळाक्षरं होती. इंग्रजी 'ए' काढायचा तर मधली आडवी रेघ द्यायची नाही, नुसतं कौलारू घराचं छप्पर काढायचं. वर्गात मी मुलांना अक्षरं गिरवायला लावते. इथे यंत्रच मोठ्या माणसांना पाटी-पेन्सिल घेऊन बसवत होतं, आणि माणसं आनंदाने बसत होती! संध्याकाळी ते यंत्र एका बैठकीवर ठेवून बटण दाबलं की आतला सगळा मजकूर संगणकात उतरायचा. म्हणजे एक नक्कल घरी कायम.

सगळं छान होतं, पण एक अडचण. नंबर डायरीत आणि फोन दुसऱ्या खिशात. एका हातात डायरी धरून वाचायचं आणि दुसऱ्या हाताने फोनची बटणं दाबायची. मग या दोघांचं लग्न का लावून देऊ नये, असं पुष्कळांच्या मनात आलं.

लग्न लावायचे तीन प्रकार झाले. पहिला प्रकार म्हणजे बाहेरून चिकटवायचा मोडेम. तो यंत्राच्या पाठीला लावला की हवेतून टपाल यायचं, पण बोलता यायचं नाही. दुसरा प्रकार १९९९ सालच्या पाम सेव्हन या यंत्राचा. त्याला बाजूला दुमडलेली अँटेना होती. ती उभी केली की बातम्या, हवामान, छोटी पत्रं मिळायची. बोलणं इथेही नाही. आणि दर ऐका: सर्वांत स्वस्त योजनेत महिन्याला ९ डॉलर ९९ सेंट, आणि त्यात फक्त ५० किलोबाइट माहिती! आज सकाळी सातच्या आत आपल्याला 'शुभ सकाळ'ची जी गुलाबाची फुलं येतात, त्यांतल्या एखाद्या फुलातच महिन्याचा शिधा संपला असता.

तिसरा प्रकार मामाच्या यंत्राचा. हॉकिन्स आणि त्याचे दोन सहकारी, डॉना ड्युबिन्स्की आणि एड कॉलिगन, १९९८ साली पामच्या बाहेर पडले आणि त्यांनी हँडस्प्रिंग ही नवी कंपनी काढली. (मैत्रिणींनो, ड्युबिन्स्की या बाई हो! पामच्याही प्रमुख त्याच होत्या आणि या नव्या कंपनीच्याही.) त्यांचं व्हायझर हे यंत्र १९९९ च्या शरदात आलं. त्याची युक्ती मला फार आवडली, कारण ती आपल्या मिक्सरचीच युक्ती आहे. मोटर एकच, वर भांडं बदलायचं. इडलीचं वाटायचं तर मोठं, चटणीला छोटं. तशी व्हायझरच्या पाठीला एक खाच होती. तिच्यात हवं ते भांडं बसवा! कॅमेऱ्याचं भांडं, गाण्याचं भांडं, खेळांचं भांडं. विशेष म्हणजे त्या त्या कामाची अक्कल भांड्यातच भरलेली. खाचेत सरकवलं की पडद्यावर आपोआप त्याचं चित्र येई आणि काढलं की निघून जाई. वेगळं काही शिकवावं लागत नसे.

आणि २००० सालच्या अखेरीस या खाचेत बसणारा फोन आला. तोच व्हायझरफोन. त्यात आपल्यासारखंच सिमकार्ड घालायचं. नावावर पेनने टोचलं की नंबर लागायचा. लिखित निरोप पाठवता यायचे. बोलताबोलता तारखा बघता यायच्या. आणि हाच फोन मोडेम होऊन टपालही आणायचा. हे 'आणणं' किती वेगाचं? सेकंदाला ९६०० बिट. मी वहीत हिशेब मांडून बघितला. आज आपण लग्नातला एक चांगला फोटो पाठवतो, साधारण ३ मेगाबाइटचा. तो त्या वेगाने यायला जवळजवळ ४२ मिनिटं लागली असती. तेवढ्यात माझा वरण-भाताचा कुकर होऊन, पोळ्या लाटून, ओटाही पुसून होतो! शिवाय तेवढा वेळ फोन चालू आहे असंच धरून मिनिटांचे पैसे. म्हणून मामा फक्त अक्षरी टपाल बघायचा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रसंगात ती येणार आहे. डायरीला दोन छोटे सेल लागत, आपल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसले. ते पुष्कळ दिवस चालत. पण पाठीवरच्या फोनची बॅटरी वेगळी होती आणि ती स्वतंत्रपणे चार्ज करावी लागे. म्हणजे डायरी जिवंत आणि फोन निजलेला, असं होऊ शकायचं.

आता मामीची गोष्ट, तिच्याच शब्दांत.

"आम्ही कॅलिफोर्नियात होतो. मी तुझ्या मामाच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर घरात मी आणि चौदा महिन्यांचं पोर. फ्रिजला चुंबकाने लावलेली एक छोटी वही होती आमची. डॉक्टर, दवाखाना, मामाचं ऑफिस, दोनचार मराठी मैत्रिणी, सगळे नंबर तिच्यात. हे यंत्र आणलं त्या रविवारी तुझ्या मामाने बसून सगळे नंबर त्यात उतरवून घेतले आणि ती वही दिली कचऱ्यात टाकून! मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, 'आता कशाला हवीय? सगळं यात आहे.' मलाही कौतुकच वाटलं. पण यंत्र राहायचं त्याच्या खिशात आणि मी राहायची घरात, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"एके दिवशी दुपारी पोराला ताप भरला. बघता बघता १०४. दोनदा ओकलं. मी फोन उचलला आणि तशीच उभी राहिले. डॉक्टरांचा नंबर? यंत्रात. मामाच्या फोनला लावला, तर बंद. त्या दुपारी ऑफिसात सगळ्यांना हवेतून टपाल कसं येतं ते दाखवण्यात बॅटरी संपवून बसला होता! फोनचं जाडजूड पुस्तक काढलं, तर आमच्या डॉक्टरांच्या आडनावाची माणसं रकाने भरभरून. कंपनीचा नंबर सापडला, पण मामाचा आतला नंबर माहीत नव्हता. तिकडे ध्वनिमुद्रित बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिली. ९११ ला फोन करावा तर तापासाठी करतात की नाही, ते कळेना. नवा देश, भाषा घाबरल्यावर तोंडातून निघत नाही. पोराला खांद्यावर टाकलं आणि शेजारच्या दारावर धडधड मारलं.

"शेजारी कानडी आजी होत्या. त्यांच्या सुनेने फोनवरच्या भिंतीला सुतळीने वही टांगलेली. तीच वही, तीच पेन्सिल! सून घरी होती म्हणून बरं. तिने तिच्या डॉक्टरांकडे फोन लावला, नर्सने धीर दिला, लगेच घेऊन या म्हणाली. सुनेनेच गाडीत घालून नेलं. पोराचा कान आतून सुजला होता, औषधाने बरा झाला. पण तो अर्धा तास मी विसरलेली नाही."

"मग मामाला काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही. भांडले असते तर दोन दिवसांत विसरला असता. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक वही आणली. रात्री त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, वाच आता एकेक नाव. तो त्या पडद्यावरून वाचत होता आणि मी लिहीत होते. दोन रात्री लागल्या."

इथे मामाने खाली मान घालून सुपारी कातरायला घेतली!

मैत्रिणींनो, दोष त्या यंत्राचा नव्हता, हे मामीही म्हणते. यंत्र गुणीच होतं. डायरी आणि फोन यांनी एकत्र नांदावं, ही कल्पना पुढे जगाने मान्य केली. त्याच कंपनीने २००२ साली ट्रिओ काढला. त्यात फोन पाठीवर नव्हता, पोटातच होता. २००३ साली कंपनी पुन्हा पाममध्ये विलीन झाली, २००७ साली आयफोन आला, आणि २०१० साली पामही दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या घरी गेली. नावं पुसली, पण कल्पना घरोघरी पोचली. आज भाजीवालीच्या कमरेलाही ती आहे.

नंतर मला हुक्की आली. मामीच्या टीव्हीच्या रिमोटमधले दोन सेल काढले आणि व्हायझरमध्ये घातले. तुम्हांला खोटं वाटेल, पडदा उजळला! आम्ही सगळे वाकून बघू लागलो. पण आत काहीच नव्हतं. एकही नाव नाही, एकही तारीख नाही. या यंत्राची आठवण सेलवर जगायची. सेल संपून फार दिवस गेले की सगळं पुसलं जायचं, म्हणूनच ती रोजची संगणकावरची नक्कल. आणि तो संगणक तर केव्हाच भंगारात गेलेला. यंत्र कोऱ्या पाटीसारखं आमच्याकडे बघत होतं. मामी उठली, कपाटातून तिची २००१ सालची वही घेऊन आली. कडा पिवळ्या पडलेल्या, एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं. पण प्रत्येक नंबर लख्ख वाचता येत होता. पहिल्याच ओळीत, दोनदा गिरवून, मुलांचे डॉक्टर.

घरी परतताना गाडीत मी विचार करत होते. आपल्या आयांच्या वेळी घराची माहिती भिंतीवर असायची. कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचा खाडा, मागच्या बाजूला सिलिंडरची तारीख, फोनजवळ नंबरांची यादी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायची. डायरी फोनात गेली तेव्हा सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण त्याबरोबर भिंतीवरची माहिती एका माणसाच्या खिशात गेली. आणि बहुतेक घरांत तो खिसा आपला नसतो.

ह्यांना मी सुचवलं, "तुमच्या फोनवर माझंही बोट नोंदवून ठेवू या." हे क्षणभर घुटमळले. मला राग आला. पण मग हेच म्हणाले, "बरं, तुझ्या फोनवर माझं नोंदव." आणि खरं सांगते, मीही घुटमळले. माहेरच्या, मैत्रिणींच्या चार गोष्टी असतात ना! दोघंही हसलो. शेवटी ठरलं की बोट राहू दे, घराची वही करू. ज्यांना बोट चालतं त्यांनी खुशाल नोंदवावं. पण वही हवीच.

आमची वही कशी केली ते सांगते. पटलं तर या रविवारी तुम्हीही करा.

१. शंभर पानी साधी वही घ्या, पुठ्ठ्याला भोक पाडून दोरीने पेन्सिल बांधा. शाई ओल्या हाताने फरफटते, पेन्सिल नाही. जागा एकच ठरवा आणि ती घरातल्या सर्वांना, मुलांनाही, माहीत असू द्या.

२. पहिल्या पानावर संकटाचे नंबर मोठ्या अक्षरात: कोणत्याही आपत्तीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, गॅसगळतीसाठी १९०६, फोनवरून पैशांची फसवणूक झाल्यास १९३०. त्याखाली घरचे डॉक्टर, जवळचा दवाखाना, शेजारी, दोन्हीकडचे भाऊ.

३. दुसऱ्या पानावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, मुदत. वीजबिलाचा आणि गॅसचा ग्राहक क्रमांक. बँक व शाखा. घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी असेल तर ती.

४. पिन, पासवर्ड या वहीत मुळीच लिहायचे नाहीत. वही सर्वांच्या हाताला लागणारी आहे, म्हणून तेवढं पथ्य कडक पाळा.

५. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहिती भरण्याची सोय असते. तिथे रक्तगट आणि घरच्यांचे नंबर भरले की कुलूप न उघडताही ते परक्याला बघता येतात. दहा मिनिटांचं काम आहे. स्वतःच्या आणि ह्यांच्या, दोन्ही फोनांवर करा.

६. तीन नंबर पाठ करा. मी वर्गात मुलींना विचारलं, "आईचा नंबर कुणाकुणाला पाठ आहे?" अर्ध्यांचेच हात वर झाले. आता दर सोमवारी हजेरीनंतर तोही म्हणून घेते.

७. घरात थोडी रोकड वेगळी ठेवा, आणि ती कुठे आहे ते किमान दोघांना माहीत असू द्या.

८. महिन्याच्या पहिल्या तारखेला वही उघडून बदललेले नंबर खोडून नवे लिहा. मामा रोज संध्याकाळी यंत्र बैठकीवर ठेवायचा ना, तशीच ही आपली बैठक.

आणि वही लिहिताना एक गंमत करा. तुम्ही लिहा आणि ह्यांना वाचायला बसवा. विम्याचा हप्ता किती, मुदत कधी संपते, कर्ज किती उरलंय, हे त्या निमित्ताने दोघांच्याही कानावरून जातं. आमच्याकडे दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री हे जरा कुरकुरले. दुसऱ्या रात्री मात्र स्वतःच म्हणाले, "थांब, ती पोस्टातली ठेव राहिली बघ."

त्या ठेवीविषयी मला लग्नाला अकरा वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. आता ती तिसऱ्या पानावर आहे, माझ्या अक्षरात.